उभी चीर

पेगीनचं काम फुगे फोडायचं.
गॉलवेबाहेरच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
केस निळ्या टोपीत, बुटांवर कापडी बूट.
भाचरांना सांगते, मला याचेच पैसे मिळतात.
भाचरं म्हणतात, खोटं.

फुगा करंगळीच्या पेराहून आखूड.
नायलॉनची नळी साच्यात तापवतात,
दोन्ही टोकांनी ओढतात, आत वारा भरतात,
भिंत उरते केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.
ती भिंत जाणार हृदयापाशी
आणि चुन्यासारखं कडक झालेलं काहीतरी
खांद्याने बाजूला सारणार.
जत्रेतला फुगा नव्हे हा, वाटेल तेवढा फुगायला.
अडीच मिलिमीटर म्हणजे अडीच.
त्यापुढे तो वाढत नाही,
सोसतो.

पाणी सदतीस अंशांवर, रक्ताइतकं कोमट.
ती फुगा बुडवते, बटण दाबते.
बारा. चौदा.
चौदाची हमी वेष्टनावर छापलेली.
सोळा. अठरा.
इथे ती श्वास घ्यायचं विसरते, इतक्या वर्षांनंतरही.
एकवीस, आणि बावीसच्या जरा अलीकडे
टप्.
शेंगेचं टरफल मोडावं एवढाच आवाज.

मग चिमट्याने उचलायचं, दिव्याखाली धरायचं.
चीर उभी आहे? या टोकापासून त्या टोकापर्यंत?
तर पास.
उभा फाटलेला मुकाट परत येतो
गेला त्या वाटेनं.
आडवा फाटला तर वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारखा
आतच अडतो, अर्धा तुटतो,
आणि मग छाती उघडावी लागते.
नव्या पोरांना ती एवढंच शिकवते:
फुटणं माफ. आडवं जाणं माफ नाही.

फेब्रुवारीत तिचा थोरला भाऊ, कोलमन,
रोसमकच्या धक्क्यावर शेवंडांचे पिंजरे उतरवता उतरवता
खाली बसला.
जबडा दुखतोय म्हणाला. दाताचं असेल.
ॲम्ब्युलन्स नको, दोर ओले आहेत, आधी ते वाळत घाल.
पेगीनने दोर तसेच टाकले.

तीन तासांनी डॉक्टर बाहेर आली,
इफेओमा नावाची, लागोस सोडून इथल्या पावसात स्थिरावलेली,
म्हणाली, नळी उघडली, रक्त वाहतंय.
पेगीनने विचारलं, लॉट नंबर?
डॉक्टर जरा सावध झाली. फाइल उलटली.
तिथे चिकटवलेलं होतं, डिसेंबरातलं, शेवटचे तीन आकडे सातशे चार.
"त्यातले तीस मी फोडलेत," पेगीन म्हणाली.
"तीसच्या तीस उभे."
"म्हणजे हा एकतिसावा!"
डॉक्टर हसली. पेगीन नाही.

कारण एकतिसाव्याला कुणीच ताणून बघितलेलं नसतं.
ज्यांची खात्री झाली ते चिरलेले, पिवळ्या डब्यात.
ज्याची झाली नाही
तो पाठवला होता भावाच्या आत,
तिसांच्या साक्षीवर.

"कितीपर्यंत नेलात?"
"चौदा. दोनदा."
"आणि परत कसा आला?"
"कोण?"
"फुगा."
हे अजून तिला कुणी विचारलं नव्हतं.
नातेवाईक विचारतात, कधी जेवेल, कधी चालेल, बिडी चालेल का.
डॉक्टरने दोन बोटं हवेत मिटून दाखवली, हळू:
"घडी घालून. पंख मिटून."

पेगीनला शेजारच्या टेबलावरची ओर्ला आठवली,
जी आठ तास फक्त निऱ्या घालते, तीन-तीन,
आणि त्यांना उबेत निजवते,
म्हणजे फुगून झाल्यावरही
निऱ्यांना आपली जागा आठवावी.
ओर्लाशी तिचं खिडकीवरून भांडण आहे, ऑगस्टपासून.
ते आता मिटवायला हवं. की नको.
खिडकी खरंच गळते.

कोलमन जागा झाला तेव्हा उजाडत होतं.
मनगटावर पट्टी. ओठ कोरडे.
दोरांचं विचारलं आधी.
मग बराच वेळ छताकडे बघून:
"तुझ्यातलाच होता म्हणे?"

"छे," पेगीन म्हणाली,
"माझे सगळे फुटतात."